संगणकाची पाटी केव्हा पुसावी?



या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला मी आज जो विषय आणून बसवीत आहे तो अगदीच घरगुती आहे. आपल्या घराघरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘नेट गेले!’ ते गेले म्हणजे नेमके कुठे गेले, आणि ते परत आणण्यासाठी ‘रिसेट करा’ असा जो उपाय जो तो सुचवीत असतो तो वस्तुतः काय करतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

या वाक्याचे गांभीर्य ते कोणत्या वेळी उच्चारले जाते यावर अवलंबून असते. दुपारी गाणे ऐकताना नेट गेले तर माणूस चार शब्द पुटपुटतो आणि चहा टाकायला उठतो. पण मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आज आहे, रात्रीचे दहा वाजले आहेत, बाराच्या ठोक्याला मुदत संपते आहे, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ अशी अक्षरे उमटली, म्हणजे त्या घरात कोणता कल्लोळ माजतो ते मी सांगायला नको. वडील वायरी ओढून पाहतात, मुलगा संगणक बंद-चालू करतो, आणि शेजारचे काका दारातूनच सांगतात, ‘सगळे रिसेट करून टाका!’ हा सल्ला चुकीचाच असतो असे नाही. पण दुखणे कोणते हे न पाहता कपाटातील सगळी औषधे एकदम पाजावीत, त्यातला हा प्रकार आहे.

रिसेट म्हणजे पाटी पुसणे. संगणकाजवळ एक पाटी असते आणि तिच्यावर बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी लागणाऱ्या नोंदी असतात. त्या पाटीवर काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले, आणि पुसल्यावर ते पुन्हा कोण लिहून देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक आहेत त्याने पाटी खुशाल पुसावी. ज्याला ठाऊक नाहीत त्याने आधी हात आवरावा. माझ्या सगळ्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

नेट अडणे ही काही अलीकडची व्याधी नव्हे. तिचे वय इंटरनेटच्या वयाएवढेच आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश धाडला गेला. शब्द होता ‘लॉगिन’. त्यातील ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तो सावरून पुन्हा चालू झाल्यावर, सुमारे तासाभराने, सबंध शब्द गेला. म्हणजे जाळ्यातील पहिला बिघाड आणि ‘पुन्हा पहिल्यापासून सुरू करा’ हा त्याच्यावरचा पहिला उपाय, दोन्ही एकाच रात्रीतले आहेत. आजही आपण करतो ते त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की आज संगणकाच्या पाटीवर पुष्कळच अधिक लिहिलेले असते.

काय लिहिलेले असते ते आता पाहू.

पहिली नोंद स्वतःच्या पत्त्याची. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. रूढ पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी भरते. जगातील यंत्रांना ती पुरेना, म्हणून याहून फार मोठ्या पत्त्यांची एक नवी पद्धतीही आता जुनीच्या जोडीने चालते. आपल्या घरातील यंत्रांना मिळणारे १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते मात्र खासगी, म्हणजे घरापुरतेच असतात. वाड्यातल्या खोल्यांचे क्रमांक जसे वाड्यापुरते असतात, रस्त्यावरच्या पोस्टमनला ‘खोली नंबर पाच’ एवढ्यावरून काही बोध होत नाही, तसेच हे आहे.

हा पत्ता संगणकाला कोण देतो? घरातील राउटर देतो. १९९३ पासून यासाठी एक ठरीव पद्धत आहे. तिला डीएचसीपी म्हणतात. धर्मशाळेत उतारू आला म्हणजे व्यवस्थापक वहीत पाहून रिकामी खोली देतो आणि ती अमुक मुदतीपुरतीच देतो, तद्वत राउटर संगणकाला मुदतीचा पत्ता देतो. मुदत संपत आली म्हणजे संगणकाने ती वाढवून घ्यावयाची असते. आता समजा व्यवस्थापकाची वही हरवली, किंवा संगणक झोपेतून उठला तो दुसऱ्याच धर्मशाळेत, पण जुन्याच खोलीची किल्ली हातात धरून! असे झाले की गाडे अडते. कधीकधी राउटर मुळीच उत्तर देत नाही. तेव्हा विंडोजचा संगणक स्वतःच एक कामचलाऊ पत्ता धारण करतो आणि तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होतो. हे अंक दिसले की समजावे, आपल्या यंत्राला घरातल्या व्यवस्थापकाची भेटच झालेली नाही.

दुसरी नोंद दरवाजाची. वाड्याबाहेर जाणारे प्रत्येक पत्र कोणत्या दारातून न्यावयाचे हे माहीत असावे लागते. हे दार म्हणजेही बहुधा राउटरच, आणि दाराचा पत्ता तोच संगणकाला सांगतो.

तिसरी नोंद नावे विचारण्याच्या ठिकाणाची. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, परंतु यंत्रांचा व्यवहार आकड्यांत चालतो. प्रारंभी सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि इतरांनी तिची नक्कल उतरवून घ्यावी असा रिवाज होता. यंत्रे वाढली तशी एक यादी सांभाळणे अशक्य झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची वाटणी करून देणारी व्यवस्था आखली. तिचे नाव डीएनएस. एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटी पत्ता मिळतो. हा खटाटोप दर वेळी नको म्हणून मिळालेले उत्तर संगणक काही काळ टिपून ठेवतो. हा काळ काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत असू शकतो. दरम्यान त्या संकेतस्थळाने बिऱ्हाड हलविले तर आपला संगणक जुन्याच घराची कडी वाजवीत बसतो. बाकी सगळे चालते, एकच ठिकाण उघडत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा ही शिळी टिपणे असतात.

चौथा वर्ग आपण स्वतः, किंवा आपण बसविलेल्या कार्यक्रमांनी, लिहिलेल्या नोंदींचा. वायफायचा पासवर्ड, कचेरीच्या कामासाठी घातलेले व्हीपीएन, मध्यस्थ म्हणून नेमलेला प्रॉक्सी, छपाईयंत्रासाठी कोणी हाताने घालून दिलेला कायमचा पत्ता, या सर्व त्यात येतात. शिवाय विंडोजमध्ये विनसॉक नावाची एक यादी असते. जाळ्याशी बोलू इच्छिणारे सर्व कार्यक्रम तिच्यामार्फत बोलतात. विषाणूरोधक किंवा तत्सम कार्यक्रम तिच्यात आपले नाव घुसवितात, आणि पुढे अर्धवट काढून टाकले गेले तर ती यादी नासते.

पाचवा आणि शेवटचा वर्ग राउटरच्या पोटातील नोंदींचा. अनेक जोडण्यांत नेट पुरविणाऱ्याने दिलेले ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड तेथे घातलेले असतात. आपल्याला ते बहुधा ठाऊकही नसतात. जोडणी देताना नेटवाल्याचा माणूस ते घालून गेलेला असतो.

मघाच्या तीन प्रश्नांची उत्तरे आता आपोआप मिळतात. पहिल्या तीन प्रकारच्या नोंदी यंत्राने विचारून टिपलेल्या आहेत. पुसल्या तर यंत्र पुन्हा विचारून घेईल. तेथे हात आखडण्याचे कारण नाही. चौथ्या प्रकारच्या नोंदी आपण लिहिलेल्या. पुसल्या तर आपल्यालाच पुन्हा लिहाव्या लागतील, म्हणून आधी कागदावर उतरवून घ्याव्यात. पाचव्या प्रकारच्या नोंदी दुसऱ्याने लिहिलेल्या. पुसल्या तर तो माणूस येईपर्यंत घर अंधारात. त्यांना त्याला विचारल्यावाचून हात लावू नये.

येथे एखादा श्रोता विचारील, ‘हे सर्व ठीक, पण दोष कोणत्या नोंदीत आहे ते ओळखावे कसे?’ प्रश्न रास्त आहे. वैद्य जसा आधी नाडी पाहतो तशी आपणही नाडी पाहावी. त्यास पाच मिनिटे पुरतात.

प्रथम पाहावे, दुखणे एकट्या संगणकाचे की साऱ्या घराचे? त्याच वायफायवर घरातील फोन जोडून पाहावा. त्या वेळी फोनचा स्वतःचा मोबाइल डेटा बंद ठेवण्यास विसरू नये, नाहीतर फोन आपल्या खिशातले नेट वापरून आपली फसगत करतो. फोनवरही नेट नसेल तर संगणकाची पाटी पुसण्यात काहीच हशील नाही. दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. काचतंतूची जोडणी असेल तर पेटीवरील एलओएस अक्षरांचा दिवा पाहावा. तो तांबडा असला म्हणजे तंतूतून प्रकाशच येत नाही. तार कुठे तुटली आहे किंवा दुमडली आहे; ते काम नेटवाल्याचे.

उलट, फोनवर नेट आहे आणि संगणकावरच नाही, असे असेल तर पुढे चलावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ एवढा एक शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा आणि एंटर दाबावे. आपला पत्ता आणि दाराचा पत्ता दोन्ही समोर येतात. नंतर ‘पिंग’ हा शब्द, थोडी जागा, आणि दाराचा पत्ता असे लिहावे. पाणबुडीतून ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या ध्वनीवरूनच या छोट्या कार्यक्रमाला माइक म्यूस यांनी १९८३ साली हे नाव दिले. दाराकडून उत्तर आले तर घरातील वाट मोकळी आहे. मग बाहेरचा एखादा सार्वजनिक पत्ता, समजा ८.८.८.८, घेऊन तसेच करावे. तेथूनही उत्तर येते, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे असेल तर चोर सापडला : दोष नावे विचारण्यात आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे संगणकाचे घड्याळ. जुन्या संगणकातील बारीक सेल संपला म्हणजे तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना मुदत असते. तारीख चुकली की संगणकाला ती ओळखपत्रे खोटी वाटू लागतात आणि तो एकामागून एक स्थळे नाकारतो. अशा वेळी नेटच्या नोंदी दहादा पुसल्या तरी गुण येणार नाही. तारीख नीट केली की काम होते.

आता उपायांकडे वळू. नियम एकच : लहान उपाय आधी, मोठा शेवटी, आणि प्रत्येक उपायानंतर थांबून पाहावयाचे.

वायफाय बंद करून पुन्हा चालू करणे हा सर्वांत सौम्य उपाय. तेवढ्याने पत्त्याची विचारणा बहुधा नव्याने होते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करणे. येथे एक बारकावा आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केले तरी संगणक लवकर उठता यावे म्हणून आपली अंतर्गत स्थिती अनेकदा जपून ठेवतो. म्हणजे आपण त्याला झोपविले असे समजतो, पण त्याच्या मनातले घोळ तसेच राहतात. ‘रीस्टार्ट’ केले म्हणजे मात्र तो खरोखर नव्याने उठतो. म्हणून बंद करून चालू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’च निवडावे.

सगळ्याच घराचे नेट गेले असेल तर राउटरची वीज अर्धा मिनिट तोडून पुन्हा जोडावी आणि दोन-तीन मिनिटे धीर धरावा. पण राउटरच्या पाठीमागे एक बारीक छिद्र असते आणि त्यात टाचणी खुपसून काही क्षण दाबली म्हणजे तो कारखान्यातून आला तसा होतो. त्या छिद्राच्या वाटेस जाऊ नये! वीज तोडल्याने राउटरची तात्पुरती स्मृती जाते, टाचणीने कायमची जाते. मघा सांगितलेल्या पाचव्या प्रकारच्या नोंदी त्यातच असतात. रिसेट हा शब्द लोक दोन्ही क्रियांना सर्रास लावतात, आणि रात्री दहा वाजता या एका शब्दापायी घरचे नेट पुरते बसते.

दोष नावांत आहे असे ठरले तर काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ आणि तिला लागून ‘फ्लशडीएनएस’ असे लिहावे. शिळी टिपणे तेवढी पुसली जातात, बाकी सर्व जागच्या जागी राहते. दोष पत्त्यात असेल तर त्याच शब्दापुढे तिरकी रेघ देऊन एकदा ‘रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’ असे लिहावे. पहिल्याने जुनी खोली सोडली जाते, दुसऱ्याने नवी मागितली जाते. विनसॉकची यादी नासल्याचा संशय असेल तर ती खिडकी व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडून ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ ही तीन शब्दांची आज्ञा द्यावी आणि संगणक रीस्टार्ट करावा.

एवढ्याने भागले नाही तरच ब्रह्मास्त्र काढावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, आणि तेथे ‘नेटवर्क रिसेट’ असा पर्याय आहे. २०१६ साली विंडोज १० च्या एका आवृत्तीत तो आला. त्याने जाळ्याशी जोडणारी सर्व उपकरणे संगणकाच्या खात्यातून काढली जातात, संगणक पुन्हा सुरू होतो, उपकरणे नव्याने बसतात आणि त्यांच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला येतात. आपले चौथ्या प्रकारचे सर्व लिखाण यात धोक्यात येते. वायफायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागतो, व्हीपीएन पुन्हा बसवावे लागू शकते, हाताने घातलेला पत्ता जातो. फोनमध्येही असाच पर्याय असतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा ब्लूटूथने जोडलेल्या वस्तूही विसरतो. म्हणून आधी वही-पेन्सिल, मग बटण.

मी हे इतक्या विस्ताराने का सांगितले? माणूस अडला, घाबरला आणि त्याला काहीच कळेनासे झाले, म्हणजे तो कोणाच्याही हाती आपला संगणक देतो. फोनवर ‘मदत क्रमांक’ शोधावा तर मिळणारा प्रत्येक क्रमांक खऱ्या कंपनीचा असतोच असे नाही. पलीकडून गोड आवाज येतो, ‘मी सर्व रिसेट करून देतो, फक्त हा एक कार्यक्रम बसवा आणि मला आपला पडदा दिसू द्या.’ पडदा दिसला की पुढे पासवर्ड दिसतो, आणि मग बँकेतील शिल्लक दिसते. खऱ्या दुरुस्तीसाठी बँकेचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी कधीही लागत नाही. नेटवाल्याचा क्रमांक आपल्या बिलावर असतो, तोच फिरवावा. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे कठीण.

असो. त्या मुलीचा अर्ज अजून भरावयाचा राहिला आहे. दहा वाजून गेले आहेत. तिच्या वडिलांना माझे सांगणे असे : दुरुस्ती आता राहू द्या. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, संगणक त्याला जोडा आणि आधी अर्ज धाडा. यातून नाडीपरीक्षाही आयतीच होईल. हॉटस्पॉटवर संगणक नीट चालला तर त्याची प्रकृती बहुतेक उत्तम आहे. दोष राउटरचा किंवा लाइनचा आहे आणि संगणकाची पाटी पुसण्याचे कारणच नाही. तेथेही न चालला तर अर्ज मोबाइलवरूनच भरा. पाटी काय, उद्या सकाळी चहा घेतल्यावर, नोंदी वहीत उतरवून घेऊन, शांतपणे पुसता येईल.